न वाजणारे टॅपेट

थंडी पडली की गावातल्या डर्ट बाइकवाल्यांना प्रोफेसरची आठवण यायची, आणि प्रोफेसरला त्या सगळ्यांची कीव यायची. तशी कीव त्याला बाराही महिने यायची. थंडीत ती ऐकून घ्यायला माणसं मिळायची, एवढाच काय तो फरक. सकाळी सातच्या सुमाराला तीन-चार जण आपापल्या गाड्या ढकलत, धापा टाकत त्याच्या गॅरेजसमोर येऊन थांबायचे. टाकीवर दव गोठून पांढरं झालेलं, सीट फळीसारखी कडक, आणि एवढ्या गारठ्यातही गाडीवाल्याच्या कपाळाला घाम. प्रोफेसर लगेच बाहेर यायचा नाही. चहाचा मग दोन्ही तळव्यांत धरून तो दाराच्या चौकटीला टेकायचा आणि विचारायचा, "किती मारल्यास?"

"वीस-पंचवीस मारल्या असतील किका."

"रेस देऊन?"

इथे गाडीवाला जमिनीकडे बघायचा. सगळे रेस देऊनच मारतात. गार इंजिन, घाई, वैताग. उजवा हात आपोआप मूठ पिळतो.

"म्हणजे किका नाही मारल्यास. पंचवीस घोट पेट्रोल पाजलंस तिला. आता ती झिंगून पडलीय आणि तू वर तिलाच लाथा घालतोयस. घरात दुसरं कोणी शहाणं माणूस नव्हतं का पाठवायला?"

मग धडा सुरू. आधी चोक आत, मूठ पूर्ण उघडी धरून दहा किका फुकटच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटात साचलेलं पेट्रोल निघून जातं. त्यानंतर पहिल्यापासून. "ही चार स्ट्रोकची गाडी आहे, फुटबॉल नाही. चोक ओढ. मूठ दोनदा पिळ, दोनदाच, आणि सोड. सोड म्हटलं ना! आता तिला हात लावलास तर सरळ घरी जायचं. किक पायानं हळूच दाब. दाबत राहा. अडली? हा टॉप. पिस्टन वर येऊन बसलाय. आता केसभर पुढे ने, किक वर येऊ दे, आणि मग उभा राहा तिच्यावर. सगळं वजन घाल. डास मारल्यासारखं नाही रे, तळापर्यंत!"

गाडी सुरू व्हायची. दुसऱ्या, फार तर तिसऱ्या किकला. गाडीवाला खजील होऊन हसायचा आणि प्रोफेसर त्याच्याकडे न बघता आत जायचा, जणू हे असलं काही आपल्याला फारसं महत्त्वाचं नाही. आत गेल्यावर मात्र तो काचेतून बघायचा की बाकीच्यांनी नीट पाहिलं ना.

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असायचं. हीच तर सगळी अडचण होती. चुकीचं बोलणाऱ्या माणसाला कोणीतरी कधीतरी गप्प करतं. बरोबर बोलणाऱ्याला कोण आवरणार? वीस वर्षं एकच गोष्ट बरोबर सांगून सांगून त्याचा असा समज झाला होता की आपण जे जे सांगतो ते सगळंच बरोबर असतं.

प्रोफेसर हे नावही काही कौतुकानं पडलेलं नव्हतं. कॉलेजात शिकवणाऱ्या एका गृहस्थांनी टॉप न शोधता अर्धवट किक मारली, किक उलटी आली आणि त्यांचा घोटा मोडला. हा त्यांना बघायला दवाखान्यात गेला तो विचारपूस करायला नाही, टॉप म्हणजे काय ते समजावून सांगायला. पाऊण तास समजावलं. शेवटी ते गृहस्थ नर्सला म्हणाले, "ह्या प्रोफेसरांना जरा दरवाजा दाखवता का?" नाव तिथून बाहेर पडलं ते त्याच्या आधी गॅरेजवर पोचलं. त्याला मात्र ते पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

त्याच्या तिरस्काराची यादी लांबलचक होती. बटणानं सुरू होणाऱ्या गाडीला तो गाडी म्हणायचाच नाही, मिक्सर म्हणायचा. "काय, आज मिक्सर घेऊन कुठे?" कंपनीचं माहितीपुस्तक वाचणारे त्याच्या मते गाडीचे नव्हे, अक्षरांचे मेकॅनिक. आणि सगळ्यांच्या तळाला होता गेजवाला.

हा गेजवाला म्हणजे पुढच्या चौकातला दुसरा मेकॅनिक. नाव प्रोफेसरनंच ठेवलेलं. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच की तो टॅपेट लावताना फिलर गेज वापरायचा. इंजिनाच्या डोक्यात व्हॉल्व्ह असतात, त्यांना वरून दाबणारे स्क्रू असतात, आणि स्क्रू आणि व्हॉल्व्ह यांच्यात कागदाएवढी फट ठेवावी लागते. तेच टॅपेट. फट मोजायला पोलादाची पातळ पाती येतात; ती गेज. फट बरोबर असली की इंजिन चालताना हलकीशी टिकटिक ऐकू येते, आणि ती यायलाच हवी. प्रोफेसरला ती टिकटिक सहन व्हायची नाही. "टॅपेट वाजतंय म्हणजे मेकॅनिक झोपलाय," म्हणायचा. तो फट बोटानं लावायचा. स्क्रू डोळे मिटून फिरवायचा, व्हॉल्व्ह हलवून बघायचा आणि चेकनट आवळायचा. त्याच्या हातून बाहेर पडलेली गाडी कशी अगदी मुकाट चालायची. "ऐका," तो गिऱ्हाइकाला म्हणायचा. "काही ऐकू येतंय? नाही ना? ह्याला म्हणतात हात."

आता टॅपेट फार घट्ट झालं की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याच्याखाली बारीक फट राहते, तिथून हवा निसटते, आत दाब बनत नाही आणि गार इंजिन धरत नाही. एकदा तापलं की कसंबसं निभावून नेतं. हे मेकॅनिकच्या पोरालाही माहीत असतं. प्रोफेसरच्या पोरीला तर नक्कीच माहीत होतं.

पोरगी एकवीस वर्षांची. आठव्या वर्षापासून डर्ट बाइकवर. दिवसभर टाइल्सच्या दुकानात उभी राहून लोकांना बाथरूमच्या फरश्यांचे नमुने दाखवायची, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात गाडी घालायची. चालवायची कशी, ते बापानं कधी तोंडावर सांगितलं नाही. पण वळणावर तिचा पाय कसा पडतो ते तो गिऱ्हाइकांना अंगविक्षेप करून दाखवायचा, तेव्हा त्याचा आवाज बदलायचा.

त्या वर्षी थंडीत दोन दिवसांची शर्यत होती. पहिल्या सहा जणांना एक गाड्यांची कंपनी आपल्या संघात घेणार होती. राहायला जागा, महिन्याचा पगार, आणि काम म्हणजे गाडी चालवणं. अट एकच होती, वय बावीसच्या आत हवं. म्हणजे पोरीला ही पहिली आणि शेवटची संधी. हुकली की मग आयुष्यभर बाथरूमच्या फरश्या आहेतच.

या शर्यतीची एक रीत होती. पहिला दिवस संपला की सगळ्या गाड्या एका कुंपणात बंद करायच्या. चालवणारे त्याला कोंडवाडा म्हणत. रात्रभर गाडी उघड्यावर, कोणी हात लावायचा नाही, पांघरूण घालायचं नाही. सकाळी आपापली गाडी ढकलत रेषेवर आणायची. झेंडा पडला की एका मिनिटाच्या आत सुरू करून पुढची रेषा ओलांडायची. नाही ओलांडली तर पूर्ण एक मिनिट दंड. रात्रभर दव खाल्लेलं चार स्ट्रोकचं इंजिन, आणि हातात एक मिनिट. प्रोफेसरच्या मते ही जगातली एकमेव न्याय्य परीक्षा होती. "इथे कळतं कोणाच्या पायात अक्कल आहे."

गेजवाल्यानं आपण होऊन निरोप पाठवला होता, माझी बटणाची गाडी पडून आहे, पोरीला हवी तर न्या. प्रोफेसर इतका हसला की त्याला ठसका लागला. "माझी पोरगी मिक्सरवर बसून जाईल? सांगा त्याला, चटणी वाटायची असली की कळवू."

शर्यतीला तीन आठवडे असताना पोरगी एका संध्याकाळी कामावरून आली आणि अंगणात गाडी काढली. किक मारली. पाच, सहा, सात. नवव्याला सुरू झाली.

"बाबा, हल्ली गार असली की फार मारून घेते. गेल्या महिन्यात तिसऱ्याला व्हायची."

"पाय."

"पायाचं नाही हो. टॅपेट घट्ट असतील. उघडून बघू या का एकदा?"

झालं. गॅरेजमध्ये त्या वेळी दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत, पोटच्या पोरीनं, त्यानं बोटानं लावलेल्या टॅपेटला घट्ट म्हणावं! प्रोफेसरनं हातातला पाना खाली ठेवला आणि अगदी शांतपणे, म्हणजे अतिशय वाईट रीतीनं, म्हणाला, "हो ना. गेजवाल्याकडून गेज आणू, माहितीपुस्तक आणू, बाजारातून तुला नवा बापही आणू. उद्या सकाळी सातला खाली ये. रात्रभर गारठलेली हीच गाडी मी कशी सुरू करतो ते बघ."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तो एकटाच उठला. रंगीत तालीम करून ठेवावी एवढाच विचार. घरात झोपमोड नको म्हणून गाडी गल्लीच्या टोकाला ढकलत नेली. चोक, दोनदा मूठ, टॉप, केसभर पुढे. नाही. पुन्हा. नाही. सातव्या किकला त्यानं स्वेटर काढला. बाराव्याला आजूबाजूला कोणी बघत नाही ना ते पाहिलं. सतराव्या किकला गाडी एकदा शिंकली आणि सुरू झाली, आणि प्रोफेसर गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. त्याला कळलं. वीस वर्षांचा मेकॅनिक तो. किक मारताना पायाखाली किती दाब लागतो ते त्याला झोपेतही कळलं असतं. दाबच नव्हता. पोरगी बरोबर होती.

आता माणसानं काय करावं? चार बोल्ट, दोन झाकणं, अर्ध्या तासाचं काम. करून टाकावं आणि वर चहा प्यावा. पोरगी हसली असती, फार तर दोन दिवस चिडवलं असतं. पण टॅपेट सैल केले असते तर ते वाजले असते. पोरीला ऐकू आलं असतं, गिऱ्हाइकांना ऐकू आलं असतं, चौकापर्यंत गेलं असतं की प्रोफेसरचे टॅपेट वाजायला लागले. त्यानं गाडी दहा मिनिटं चालू ठेवून तापवली, बंद केली, ढकलत घरी आणली आणि इंजिनावर घरातलं जाड ब्लँकेट टाकून ठेवलं. सात वाजता ब्लँकेट काढून घडी केली, पोरीला बोलावलं आणि पहिल्या किकला सुरू करून दाखवली.

"बघितलंस?"

"म्हणजे माझंच चुकतंय," ती म्हणाली.

"मी काय म्हणत होतो मग?"

वाटलं असेल, एका दिवसाचं नाटक. पण असली नाटकं एका प्रयोगात संपत नाहीत. संध्याकाळी पोरीला नऊ, अकरा, तेरा किका लागायच्या. सकाळी बापाला एक. रोज पहाटे साडेपाचला हा गृहस्थ चोरासारखा स्वतःचीच गाडी गल्लीतून ढकलत न्यायचा. आणि पोरगी रोज संध्याकाळी, गाडी बंदच ठेवून, पाय सुधारायला शंभर किका मारायची. टॉप, केसभर पुढे, तळापर्यंत. टॉप, केसभर पुढे, तळापर्यंत. हा स्टुलावर बसून मोजायचा. दुसऱ्या आठवड्यात तिचा उजवा गुडघा सुजला. तिनं त्यावर ताणपट्टी गुंडाळली आणि शंभराच्या दीडशे केल्या.

गिऱ्हाइकांना तो सांगायचा, "काय करणार, माझा सगळ्यात ढ विद्यार्थी घरातच निघाला." गिऱ्हाइकं हसायची. पोरगी आत हातमोजे वाळत घालत असायची; तिला ऐकू जायचं, आणि ऐकू जातंय हे त्याला माहीत असायचं.

एकदा रात्रीच्या जेवणाला बसल्यावर बायको म्हणाली, "ब्लँकेटला पेट्रोलचा वास येतोय."

"गॅरेजात होतं."

"ते कळलं. पहाटे कुठे जातं तेही मला कळतंय." तिनं त्याच्या ताटात वाढलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पोरीचा गुडघा बघितलात का, अहो?"

"शर्यतीपर्यंत उतरेल."

"गुडघा उतरेल हो," बायको म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर त्यानं तिलाही टॉप समजावून सांगितला असता.

शर्यतीचा पहिला दिवस सोपा गेला. सुरुवात दुपारी होती, ऊन पडलं होतं, आणि तपासणीच्या रांगेत गाडी चालवतच न्यायची असल्यामुळे इंजिन गरम होतं. पोरगी दगडांतून, ओढ्यांतून, चिखलातून अशी काही गेली की संध्याकाळी फळ्यावर तिचा क्रमांक चौथा लागला. लोकांनी प्रोफेसरचा हात हातात घेऊन दाबला. गुडघा टम्म सुजलेला असूनही पोरगी नाचायच्या बेतात होती.

कोंडवाड्यात गाडी घालायच्या आधी प्रत्येकाला दुरुस्तीसाठी पंधरा मिनिटं मिळायची. पोरगी पाना घेऊनच आली. हळू आवाजात म्हणाली, "बाबा, पंधरा मिनिटं आहेत. माझ्या समाधानासाठी टॅपेट बघू या. माझा पाय अजून भरवशाचा नाही, निदान गाडी तरी..."

प्रोफेसरनं आजूबाजूला पाहिलं. डाव्या हाताला दहा पावलांवर गेजवाला कोणाच्या तरी गाडीची साखळी ताणत होता, आणि त्याच्या खिशातून ती पातळ पाती डोकावत होती. मागे त्याची स्वतःची गिऱ्हाइकं उभी होती. इथे झाकण उघडायचं? ह्या सगळ्यांसमोर?

"गरम इंजिनावर टॅपेट लावतात का?" तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना जाईल असं. "एवढंही शिकवायचं राहिलं वाटतं माझं!"

हेही बरोबरच होतं. टॅपेट गार इंजिनावरच लावतात. लोक हसले, पोरीनं पाना परत पेटीत टाकला आणि गाडी कोंडवाड्यात गेली. पण घट्ट टॅपेट गरम इंजिनावरही अंदाजानं थोडे सैल करता येतात, आणि हे तिथे प्रोफेसरइतकं दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं.

सकाळी मैदान पांढरंफटक होतं. गवत पायाखाली करकरत होतं. कोंडवाड्यातल्या सगळ्या गाड्यांवर दवाचा थर गोठलेला, आणि चालवणारे काखेत हात घालून जागच्या जागी उड्या मारत होते. प्रोफेसर दोरीच्या अलीकडे पहिल्या रांगेत उभा होता. आपली विद्या एवढी खोल, पोरीला एवढं घोटून घेतलेलं. होईलही सुरू, असं तो मनाशी म्हणत होता, आणि म्हणतानाच त्याला ते पटत नव्हतं.

रेषेवर घड्याळवाल्या बाई होत्या. गळ्यात शिट्टी, हातात झेंडा, आवाज सुतासारखा सरळ. पोरीचा नंबर आला. तिनं लंगडत गाडी रेषेवर आणली. चोक ओढला. मूठ दोनदा पिळून सोडली.

झेंडा पडला.

किक हळूच दाबली, टॉप, केसभर पुढे, आणि ती उभी राहिली ती सगळं वजन घालून तळापर्यंत. काही नाही. पुन्हा, तितकीच नीट. काही नाही. तिसरी. चौथी. मूठ सोडलेली, मान ताठ, कुठेही घाई नाही. असली किक प्रोफेसरनं आयुष्यात दुसऱ्या कोणाची पाहिली नव्हती. त्याची स्वतःचीही नव्हती तशी.

मग मागून ओरडा सुरू झाला. वीस वर्षांत त्यानं ज्यांना ज्यांना शिकवलं होतं ते सगळे तिथे होते, आणि सगळ्यांना धडा तोंडपाठ होता. "टॉप शोध, टॉप!" "रेस देऊ नकोस!" "तळापर्यंत!" "अगं पाय! पाय चुकतोय!" एक जण तर, त्याला मूठ आणि किक यातला फरक कळायला तीन हिवाळे लागले होते, दोरीवर वाकून हातवारे करून दाखवत होता. पोरगी कोणाकडे बघत नव्हती. सहावी. सातवी. दर किकेला गुडघ्यातून कळ जात असावी, कारण हेल्मेटच्या आतून बारीक आवाज यायला लागला होता.

"किक सुरेख आहे हो पोरीची," गेजवाला शेजारी येऊन हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

नववी. दहावी. अकरावी. बाईंनी शिट्टी वाजवली. मिनिट संपलं.

पोरीनं हेल्मेट काढलं. केस घामानं कपाळाला चिकटले होते. ती दोरीपाशी, बापासमोर आली आणि म्हणाली, "चुकलं, बाबा. तुम्ही एवढं शिकवलंत तरी ऐन वेळी टॉप नाही सापडला मला."

आणि मागची मंडळी लगेच पुढे सरसावली. "जाऊ द्या, प्रोफेसर. तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाही." "शिकवणारा तरी काय करणार!" "ताण येतो हो, पोरीची जात..." कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सगळं कसं अलगद त्याच्या ओंजळीत पडत होतं. त्यानं फक्त मान हलवायची होती, एक सुस्कारा टाकायचा होता आणि पोरीला माफ करायचं होतं. आणि लाज सोडलेल्या माणसाची मान हलायला लागलीही होती.

पोरगी खाली बघत ताणपट्टी पुन्हा घट्ट करत होती.

"टॉप सापडला होता तुला," प्रोफेसर म्हणाला.

त्यानं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. "अकराही वेळा सापडला होता. किकेत काही चूक नाही. टॅपेट घट्ट आहेत. मी घट्ट लावलेत, वाजू नयेत म्हणून. तीन आठवडे मला माहीत आहे." पाठीवरचा हात निघाला. "मी पहाटे उठून गाडी तापवून ठेवायचो आणि मग तुला दाखवायचो. गार गाडी माझ्याच्यानंही सतराव्या किकेला झाली होती. मूर्ख माणूस आहे मी. हलकट माणूस आहे."

मग ज्याला तीन हिवाळे लागले होते तो फसकन हसला, आणि त्याला पाहून आणखी दोघं. वीस वर्षांचं साचलेलं होतं, कुठून तरी निघणारच. प्रोफेसरला ते ऐकू आलं, पण तो पोरीकडे बघत होता.

"तीन आठवडे?" पोरीनं विचारलं.

"हो."

"मी दीडशे किका मारायचे तेव्हा तुम्ही मोजत होतात."

पोरीनं हेल्मेट घातलं, पट्टा लावला आणि लंगडत गाडीकडे गेली. रेषेच्या पुढे उतार होता. ढकलून सुरू करता आली असती. प्रोफेसर दोरीखालून वाकून धावतच तिच्यामागे गेला आणि गाडीला हात घालणार एवढ्यात थांबला, बाईंकडे बघत.

"मिनिट संपल्यावर मदत चालते," बाई म्हणाल्या. "ढकला तुम्ही, हरकत नाही."

"नको," पोरगी म्हणाली. बापाला नाही, बाईंना. "ह्यांना गाडीला हात लावू देऊ नका."

एकटीनं ढकलली तिनं. सुजलेला पाय ओढत, एवढं धूड उतारापर्यंत नेलं, पळता पळता सीटवर अंग टाकलं, क्लच सोडला. गाडी दोनदा अडखळली, धूर ओकला आणि सुरू झाली. वळणावर तिचा पाय जसा पडायला हवा तसा पडला आणि ती दिसेनाशी झाली. प्रोफेसर दोन्ही हात पुढे धरून रेषेवर तसाच उभा होता. शेवटी बाईंनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं, पुढच्या गाडीची वेळ झाली होती.

संध्याकाळी फळ्यावर यादी लागली. पोरगी सातवी होती. सहाव्यापेक्षा बारा सेकंद मागे. सकाळचा दंड साठ सेकंदांचा होता. हे गणित करायला प्रोफेसर लागत नाही, मैदानावरच्या सगळ्यांनी ते मनातल्या मनात केलं आणि त्याच्याकडे बघायचं टाळलं.

कंपनीच्या माणसांनी सहा जणांना बोलावून तंबूत नेलं. पोरगी आईच्या शेजारी टेम्पोच्या पायरीवर बसली होती, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून. प्रोफेसर बराच वेळ टेम्पोच्या मागे उभा राहिला, मग समोर आला. वीस वर्षं ज्या तोंडाला कधी शब्द कमी पडला नव्हता त्या तोंडानं तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मी स्वतः... गेजनं... बघच तू, पुढच्या वर्षी."

पोरीनं वर पाहिलं. चिडलेली नव्हती ती, फार दमलेली होती.

"पुढच्या वर्षी मी बावीसची असेन, बाबा," ती म्हणाली, आणि बर्फाची पिशवी आईकडे देऊन गाडी टेम्पोत चढवायला उठली.